वजन उतरल्यानंतर : इंजेक्शन हवें कीं नको ?

आषाढी वारीसाठीं आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यांत प्रवेश करते आणि या जिल्ह्यांतील तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. माळशिरस तालुक्यांतील हें गांव त्या रात्रीं दिंड्यांनीं, टाळमृदंगांनीं आणि चुलींच्या धुरानें भरून जातें. वारीची परंपरा ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, त्यांपैकीं अनेक घरांत गळ्यांत तुळशीची माळ असते; आणि माळ एकदां गळ्यांत पडली म्हणजे मांस, मासे व अंडीं हीं ताटांतून कायमचीं जातात. भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, दूध आणि ताक हाच त्या घराचा आहार. तो साधा आहे, सात्त्विक आहे. परंतु एका बाबतींत तो तोकडा पडूं शकतो. ती बाब कोणती, हें पुढें ओघानें येईलच.

अशा एखाद्या घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. घरची कर्ती बाई पन्नाशीची. वजन एकशेदहा किलो, मधुमेह जडलेला, गुडघे पायरी चढूं देईनात. मुलगा पुण्यास नोकरीला. त्यानें आईला पुण्यास नेलें, तज्ज्ञांना दाखविलें, आणि तेथें तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. वर्षभरांत पस्तीस किलो वजन उतरलें, साखर आटोक्यांत आली, बाई देवळाच्या पायऱ्या चढूं लागली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं कांहीं गोळ्या कायमच्या म्हणून लिहून दिल्या होत्या. पहिलें वर्ष त्या नेमानें चालल्या. मग एके दिवशीं ती मुलास म्हणाली, "अरे, आतां मला काय झालंय? वजन उतरलं, साखर उतरली. चांगल्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या?" मुलासहि तें पटलें.

तिसऱ्या वर्षीं तळव्यांखालीं कापूस पसरल्यासारखें वाटूं लागलें. पायांतली चप्पल वाटेंत निसटून मागें राहिली, तरी तिला कळलें नाहीं. नेहमीची चटणी जिभेला झोंबूं लागली. रात्रीं दिवा गेला म्हणजे भिंत धरल्यावांचून पाऊल टाकवेना. घरांत कोणी म्हणालें, हें साखरेचें. कोणी म्हणालें, वयाचें. शेजारीण म्हणाली, "वहिनी, तीं लाल इंजेक्शनं घ्या पांच. माझ्या जावेला लगेच हुशारी आली." आणि सुटीसाठीं पुण्याहून आलेल्या सुनेनें सरळ प्रश्न केला : "असली शस्त्रक्रिया झाली म्हणजे जन्मभर इंजेक्शनं घ्यावीच लागतात का?"

हें घर कल्पनेंतलें आहे. सुनेचा प्रश्न मात्र आज पुणें, मुंबई, सोलापूर येथील कितीतरी खऱ्याखुऱ्या घरांत विचारला जात आहे. म्हणून उत्तर आधीं आणि कारणें मागाहून, असा क्रम ठेवणें बरें. अशा शस्त्रक्रियेनंतर बी-१२ नांवाचें जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून घ्यावें लागतें, यांत वाद नाहीं. तें इंजेक्शनानेंच घेतलें पाहिजे असें मात्र नाहीं. गोळी पुरेल कीं सुई लागेल, हें शस्त्रक्रियेचा प्रकार, रक्ताची तपासणी आणि गोळी नेमानें घेण्याची माणसाची संवय या तीन गोष्टींवरून ठरतें. आणि ज्यावरून तें कधींच ठरवूं नये अशी एक गोष्ट आहे : आपल्याला बरें वाटतें कीं नाहीं, ही.

आतां कारणें. बी-१२ हें जीवनसत्त्व सूक्ष्म जंतूंखेरीज कोणीहि निर्माण करीत नाहीं. तें प्राण्यांच्या शरीरांत सांठतें. म्हणून मांस, मासे, अंडीं व दूध यांतून तें मनुष्यास मिळतें. ज्वारी, डाळी, शेंगदाणे, भाज्या आणि फळें यांत तें जवळजवळ नाहींच. माळकरी घराला त्याचा एकच भरंवशाचा झरा उरतो आणि तो म्हणजे दूध. एक पेलाभर दुधांत सुमारें १ मायक्रोग्रॅम बी-१२ असतें. प्रौढ माणसाची रोजची गरज २ मायक्रोग्रॅमहून किंचित् अधिक. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्या कणभर द्रव्यावर रक्तांतील तांबड्या पेशींची घडण आणि मज्जातंतूंवरील वेष्टनाची शाबूती अवलंबून असते. तें वेष्टन झिजूं लागलें म्हणजे पायांना मुंग्या येतात, स्पर्श बोथट होतो, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. चप्पल निसटल्याचें न कळणें हा त्याच झिजेचा एक घरगुती पुरावा होय.

परंतु बी-१२ खाल्लें म्हणजे तें रक्तांत पोंचलें असें नाहीं. नातेपुत्याच्या शिवारांतील लोकांना हें उसाच्या उदाहरणावरून चटकन् समजेल. ऊस शेतांत उभा आहे, कारखानाहि चालूं आहे. पण तोडणी झाली नाहीं, किंवा गाडी मिळाली नाहीं, तर ऊस कारखान्याच्या फाटकाशीं पोंचत नाहीं. अन्नांतील बी-१२ हें प्रथिनांना चिकटलेलें असतें. जठरांतील आम्ल व पाचकरस तें सोडवितात, ही तोडणी. मग जठराच्याच अस्तरांतून पाझरणारा एक विशिष्ट घटक त्याला लहान आंतड्यांत गांठतो व आपल्याबरोबर घेऊन जातो, ही गाडी. आणि लहान आंतड्याच्या अगदीं शेवटच्या भागांत तें रक्तांत घेतलें जातें. तें कारखान्याचें फाटक.

ही गाडी शास्त्रज्ञांना सांपडली ती एका जीवघेण्या पांडुरोगाचा शोध घेतांना. या रोगानें माणसें फिकीं पडत, त्यांचे पाय लुळे पडत आणि बहुधा तीं दगावत. १९२६ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनीं अशा रोग्यांना रोज भरपूर काळीज, म्हणजे यकृत, खावयास घातलें आणि ते बरे होऊं लागले. या कामासाठीं त्या दोघांना व व्हिपल यांना १९३४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण रोग्याला साध्या मांसानें गुण येत नसे तो कां? १९२९ च्या सुमारास बोस्टनच्याच कॅसल या डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, निरोगी माणसाच्या जठरांत मुरलेलें मांस त्याच रोग्याला दिलें तर गुण येतो. म्हणजे रोग्याच्या आहारांत उणीव नव्हती. त्याच्या जठरांत कांहींतरी उणें होतें. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील मर्क आणि इंग्लंडमधील ग्लॅक्सो या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांनीं यकृतांतील तें गुणकारी द्रव्य लाल स्फटिकांच्या रूपानें वेगळें केलें. तेंच बी-१२. त्याची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन या विदुषीस १९६४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शेजारणीचें लाल इंजेक्शन लाल कां असतें, याचें उत्तर त्या स्फटिकांत आहे. तो रंग औषधाचा स्वतःचा आहे, ताकदीची ती खूण नव्हे.

आतां शस्त्रक्रियेकडे वळावें. वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रिया अनेक आहेत. त्यांतील दोन प्रकार विशेष प्रचारांत आहेत. पहिल्या प्रकाराला 'स्लीव्ह' म्हणतात. तींत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश किंवा त्याहूनहि थोडा अधिक भाग कापून काढतात आणि बाहीसारखी एक अरुंद नळी मागें ठेवतात. काढून टाकलेल्या भागांतच आम्ल व तो वाहक घटक निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या संख्येनें असतात. दुसरा प्रकार 'बायपास'. तींत जठराच्या वरच्या टोकाशीं लिंबाएवढी पिशवी करून ती थेट लहान आंतड्याच्या पुढच्या भागाशीं जोडतात. उरलेलें जठर पोटांतच राहतें. परंतु अन्न त्या वाटेनें जात नाहीं. म्हणजे तोडणीची टोळी एकीकडे, ऊस दुसरीकडे, आणि गाडी येते ती उशिरां. बायपासनंतर बी-१२ ची तूट अधिक संभवते. स्लीव्हनंतर ती कमी, पण नाहींच असें नव्हे. शिवाय दोहोंनंतर माणसाचें खाणेंच इतकें आटतें कीं, अर्धा लिटर दूध पिणें हीहि मोठी गोष्ट होऊन बसते.

येथें कोणी विचारील : मग ही तूट शस्त्रक्रियेनंतर लगेच कां दिसत नाहीं? कारण यकृत हें मोठें काटकसरी कोठार आहे. निरोगी, मिश्राहारी माणसाच्या शरीरांत बी-१२ चा सांठा दोन ते पांच हजार मायक्रोग्रॅमपर्यंत असतो, आणि रोज त्यांतून थोडेंच खर्ची पडतें. आवक थांबली तरी कोठार कित्येक महिने, कधीं कधीं वर्षानुवर्षें, पुरतें. हाच फसवा काळ होय. वजन उतरलेलें, अंग हलकें, लोक कौतुक करीत असलेले. त्या दिवसांत गोळी सोडून दिली तरी कांहीं बिघडल्याचें दिसत नाहीं. बिघडतें तें मागाहून, आणि हळूहळू. मज्जातंतूंची झीज फार पुढें गेली तर मग कितीहि औषध दिलें तरी ती संपूर्ण भरून येईलच असें नाहीं. म्हणून बरें वाटणें हा या बाबतींत पुरावा धरतां येत नाहीं.

आपल्या प्रांतांत या फसवेपणांत आणखी एक भर पडते. येथें पुष्कळांचें कोठार आरंभापासूनच अर्धें रिकामें असतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश मातांच्या रक्तांत बी-१२ कमी आढळलें. याच गटानें पुणें व आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथेंहि प्रमाण जवळजवळ तेंच, आणि विशेष म्हणजे खेडुतांपेक्षां व झोपडवस्तींतील रहिवाशांपेक्षां शहरांतील मध्यमवर्गीय पुरुषांत तूट अधिक. तेव्हां हा केवळ नातेपुत्याच्या माळकऱ्याचा प्रश्न नाहीं. सदाशिव पेठेंतील वरण-भाताच्या घराचाहि तो आहे. अशा माणसाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वींच बी-१२ तपासून, कमी असल्यास भरून घेणें, हें शहाणपणाचें.

याच पुणेरी अभ्यासांतून दुसरीहि एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या मातांचीं मुलें वयांत आल्यावर त्यांपैकीं कांहींना रोज अवघें २ मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडावाटे देण्याचा प्रयोग हातीं घेण्यांत आला. एवढ्याशा मात्रेवर भिस्त ठेवतां येते, कारण सामान्य शाकाहारी माणसाची वाट शाबूत असते. उणीव असते ती मालाची. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचें उलट आहे. त्याची वाटच मोडलेली असते. म्हणून शाकाहारी शेजाऱ्याला पुरणारी मात्रा त्याला पुरणार नाहीं. आणि बाजारांतील साध्या बहुजीवनसत्त्वांच्या गोळीवर विसंबून राहणें हें त्याच्या बाबतींत धोक्याचें आहे.

मग मोडलेल्या वाटेनें गोळी कशी पोंचते? यांतच प्रश्नाची खरी किल्ली आहे. मात्रा खूप मोठी असली तर तिचा अगदीं थोडा अंश, सुमारें शंभरांत एक भाग, वाहक घटकाच्या मदतीवांचूनच आंतड्यांतून रक्तांत झिरपतो. एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर सुमारें दहा मायक्रोग्रॅम आंत जातें, आणि रोजच्या गरजेला तें पुरून उरतें. स्वीडनमध्यें जीवघेण्या पांडुरोगाच्या रोग्यांनाहि अशा मोठ्या गोळ्यांवर वर्षानुवर्षें सुखरूप ठेवलें गेलें आहे. याच आधारावर अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळाचा सल्ला असा आहे कीं, वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडावाटे अथवा जिभेखालीं घ्यावें, किंवा महिन्यांतून एकदां १००० मायक्रोग्रॅमचें इंजेक्शन घ्यावें. ब्रिटनमध्यें दर तीन महिन्यांनीं एक इंजेक्शन देण्याकडे कल आहे. म्हणून पुण्याच्या डॉक्टरानें गोळी लिहिली आणि नात्यांतल्या विलायतच्या डॉक्टरानें इंजेक्शन सुचविलें, तर त्यांतील एक चुकला असें समजण्याचें कारण नाहीं. दोघेहि एकाच कोठाराची चिंता वाहतात.

इंजेक्शनाची बाजू कोठें जड होते, हेंहि सांगितलें पाहिजे. हातापायांस मुंग्या, तोल जाणें अशीं मज्जातंतूंचीं लक्षणें दिसत असतील, तर वाट पाहत बसण्याची ती वेळ नव्हे. आरंभीं थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें कांहीं इंजेक्शनें देऊन कोठार वेगानें भरावें लागतें. गोळ्या नेमानें घेऊनहि रक्तांतील प्रमाण चढत नसेल. उलट्यांमुळें गोळी टिकत नसेल. अथवा आंतड्याचा फार लांब भाग वगळणारी शस्त्रक्रिया झाली असेल, तर इंजेक्शनच बरें. कर्करोगासारख्या कारणानें ज्याचें संपूर्ण जठर काढलें आहे, त्याच्या बाबतींतहि हीच सावधगिरी. आणि एक कारण अगदीं साधें आहे : गोळी रोज विसरणाऱ्याला महिन्याची सुई विसरणें कठीण जातें. याच्या उलट, गोळ्या नेमानें चालूं आहेत आणि तपासणीचा आंकडा चांगला आहे, अशा माणसानें थकवा वाटला कीं पांच लाल इंजेक्शनें टोचून घेण्यांत कांहीं हंशील नाहीं. थकव्याचें कारण लोहाची तूट, थायरॉइड, अपुरें प्रथिन किंवा आणखी कांहीं असूं शकेल, आणि सुईच्या समाधानांत तें झांकून जाईल.

झांकून जाण्याचा आणखी एक मोठा धोका फॉलिक आम्लाच्या गोळीशीं निगडित आहे. या द्रव्याचा इतिहास मुंबईशीं जोडलेला आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरणगांवांतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा तिनें अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें १९३१ सालीं जाहीर केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल, हें पुढें सिद्ध झालें. बी-१२ च्या तुटीनें आलेला फिकेपणाहि या गोळीनें पुष्कळसा जातो. रक्त सुधारलेलें दिसतें. परंतु मज्जातंतूंची झीज तशीच चालूं राहते. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें, विशेषतः मूल होऊं इच्छिणाऱ्या स्त्रीनें, बी-१२ ची खात्री केल्यावांचून केवळ फॉलिक आम्लावर राहूं नये. अशा शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा एक-दीड वर्ष लांबणीवर टाकावी असाच वैद्यकीय सल्ला असतो. कारण मातेचें कोठार रिकामें असलें तर अंगावर पिणाऱ्या बालकाच्याहि वाढीवर आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

येथवर विचार झाला तो सावकाश येणाऱ्या संकटाचा. दुसरें एक संकट फार घाईचें आहे, आणि त्यांत मात्र इंजेक्शन अटळ असतें. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत अगर महिन्यांत एखाद्याला सारख्या उलट्या होऊं लागतात. पोटांत कांहीं ठरत नाहीं. अशा वेळीं बी-१ म्हणजे थायमिन हें जीवनसत्त्व झपाट्यानें संपतें, कारण त्याचा सांठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. मग नजर हलूं लागते, एकाचे दोन दिसतात, चाल झोकांड्या खाते, बोलण्यांत गोंधळ होतो. लहान गांवांत उलटीच्या रोग्याला प्रथम ग्लुकोजचें सलाईन लावण्याची रीत आहे. थायमिन संपलेल्या माणसास नुसतें ग्लुकोज दिलें तर उरलेंसुरलेंहि खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊं शकते. म्हणून थायमिनचें इंजेक्शन ग्लुकोजच्या आधीं किंवा निदान त्याच्याबरोबर मिळालें पाहिजे. गांवचा डॉक्टर हें जाणत असतो. पण समोरच्या रोग्याची शस्त्रक्रिया झाली आहे हेंच त्याला कोणी सांगितलें नाहीं, तर त्यानें ओळखावें कसें? पोटावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्रण बोटाच्या नखाएवढे असतात.

इंजेक्शन या एका शब्दाखालीं आणखीहि चार-पांच वेगवेगळ्या गोष्टी घरांत मिसळल्या जातात. त्या वेगळ्या काढून ठेवाव्या. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून इंजेक्शन देतात. तें तात्पुरतें असतें. लोहाच्या गोळ्या लागूं पडल्या नाहींत तर लोह शिरेवाटे द्यावें लागतें. तें तपासणीवरून ठरतें. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व हीं बहुतेकांना तोंडानेंच पुरतात. मधुमेह्याची इन्सुलिनची गरज शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत घटते. जुन्याच मात्रेनें इन्सुलिन टोचत राहिल्यास साखर धोकादायक रीतीनें खालीं जाईल, म्हणून ती मात्रा डॉक्टरांकडून लगेच नव्यानें बांधून घ्यावी. राहिलीं तीं वजन उतरविणारीं नवीं साप्ताहिक इंजेक्शनें, सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड; टिर्झेपॅटाइड भारतांत २०२५ सालीं विक्रीस आलें. शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हां चढूं लागल्यास कांहीं रोग्यांना तीं देतात. पण त्यांचा जीवनसत्त्वाच्या तुटीशीं कांहीं संबंध नाहीं, उलट भूक आणखी आटल्यानें तुटीकडे अधिकच लक्ष पुरवावें लागतें.

तर मग घरानें करावयाचें तें काय? शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षीं तीन, सहा व बारा महिन्यांनीं, आणि पुढें दरसाल एकदां रक्त तपासावें. त्यांत बी-१२, लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व हीं असावींत. मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठीं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पुष्कळ दिवस चालूं असतील तर बी-१२ ची तूट वाढते, हें डॉक्टरांच्या ध्यानांत आणून द्यावें. शस्त्रक्रिया कोणती, कधीं व कोठें झाली, हें एका कागदावर लिहून तो कागद पाकिटांत बाळगावा आणि गांवच्या डॉक्टरांस आरंभींच दाखवावा. पुण्याची शस्त्रक्रिया चार-दोन दिवसांत आटोपते. तिच्यापुढचीं वीस-तीस वर्षें नातेपुत्यासच काढावयाचीं असतात. तेथील डॉक्टर व पुण्याचा शल्यवैद्य यांच्यामध्यें दुवा असतो तो घरांतल्या माणसांचा. गोळी कां चालूं आहे हें सुनेला, मुलाला ठाऊक असेल, तरच ती चालूं राहील.

कल्पनेंतल्या त्या बाईकडे परत वळतां येईल. तिचें रक्त तपासलें जाईल. आंकडा खालीं गेलेला आढळेल. आरंभीं एकामागून एक इंजेक्शनें दिलीं जातील. जिभेची आग आणि थकवा बहुधा लवकर ओसरेल. पायांखालचा कापूस महिन्यांच्या हिशेबानें कमी होईल. थोडासा कदाचित् कायमचाहि राहील, कारण गेलेलें एक वर्ष परत मिळत नाहीं. त्यापुढें महिन्याचें इंजेक्शन कीं रोजची मोठी गोळी, हें तिनें आणि डॉक्टरांनीं मिळून ठरवावें. माळ उतरविण्याची गरज नाहीं. औषधांतलें बी-१२ जंतूंकडूनच तयार करून घेतलेलें असतें, त्यासाठीं आतां यकृत लागत नाहीं. ज्या घरांत वर्षाच्या चोवीस एकादशा कोणी आठवण न करतां पाळल्या जातात, त्या घराला महिन्याची एक तारीख पाळणें अवघड जाऊं नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत एकादशीच्या खुणेशेजारीं तेवढी एक खूण करून ठेवली म्हणजे झालें.